बाई, तू चिन्नोर काऊन सोडला?

बाई, आधी भांडून घेते, मग काय रडायचं ते रडते. तुला ठाऊकच आहे, भांडण पोटात राहिलं की मला अन्न गोड लागत नाही. आणि हे भांडण असं आहे की ज्या माणसाशी करायचं तेच उठून गेलं. अडीच महिने झाले तुला जाऊन. रोज मनात सुरू करते, चार वाक्यं तावातावानं बोलते, तू उत्तर देत नाहीस म्हणून आणखी चिडते, आणि मग पदर डोळ्याला लावून कामाला लागते.

ढेकी चालू आहे हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू तिकडे काळजी करत बसशील. गटातल्या बायका सकाळी येतात, पायानं ढेकी दाबतात, धान कुटतात, पाखडतात, घरी जातात. तुझी जागा मात्र बरेच दिवस रिकामी होती. मुसळ वर गेलं की खाली हात घालून तांदूळ सारायचा आणि मुसळ पडायच्या आत हात काढायचा, तिथं बसायला कोणी तयार होईना. शेवटी मी बसले. पहिल्याच दिवशी दोन बोटं चेचली. इतकी वर्षं तू तिथं बसून हसत, बोलत, कोणाच्या सुनेची नि कोणाच्या म्हशीची चौकशी करत हात घालायचीस, आणि मला वाटायचं, बाईनं सगळ्यात आरामाचं काम आपल्याकडे ठेवलंय. माफ कर बाई. बोटं अजून ठणकतात.

तर परिषदवाल्यांचं पत्र आलंय. लहान उद्योगांसाठी ती आंतरराष्ट्रीय परिषद भरते ना, जिथं आपण दोघी तीन वर्षांमागे दिल्लीला गेलो होतो, तेच लोक. यंदा त्यांची स्मरणिका निघणार आहे आणि त्यात तुझ्यावर दोनशे शब्द हवेत, फोटोसकट. सोबत रकाने आखलेला एक कागद: जन्म, शिक्षण, उद्योगाची सुरुवात, यशाचं रहस्य. एक रकाना आहे, ‘लिहिणाऱ्याचं नातं’. मी लिहिलं, धाकटी जाऊ. मग खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं, कारण दुसरा शब्द कुठून आणू? शिवाय यंदा मला एकटीला तिथं भाषण करायचंय. विषय काय दिलाय, ऐक: ‘छोट्या उद्योगातला विश्वास’. हसू नको बाई. मलाही हसू आलं होतं, पण ते धड हसू नव्हतं.

दोनशे शब्द लिहायला बसले आणि एकही खरा निघेना. म्हणून तो कागद बाजूला ठेवून तुलाच लिहिते आहे.

मी या घरात आले तेव्हा तू मला पहिलं वाक्य काय बोललीस, आठवतं का? “थुक! थुक आधी!” नवी नवरी मी, लग्नाला दोन दिवस झालेले. मी गोंदियाची, बाजारातल्या घरात वाढलेली, अर्धी भाषा हिंदी. तांदूळ मला दुकानात पोत्यातून निघतो एवढंच माहीत. चोरखमाऱ्याच्या नहराखालची तुझी ती एक बांधी, बांध घातलेला धानाचा तुकडा, सुवासिक चिन्नोर तांदळाची, तिचं नवं धान अंगणात आलं होतं. तू सुपात पाखडत होतीस नि सारं अंगण घमघमत होतं. मी दोन दाणे उचलून तोंडात टाकले. तू सूप टाकून धावलीस. माझ्या गालाला धरून म्हणालीस, “थुक! नवं नाही झालं अजून! काय वं धाकटे, गोंदियाले हे शिकवत नाहीत का?”

मी थुंकले, आणि भांडायलाही लागले. दोन दाण्यांनी काय होतंय? तेव्हा तू खाली बसून मला समजावलंस, लहान पोरीला समजावतात तसं. नवा तांदूळ पहिल्यांदा शिजला की आधी देवाला, मग गायीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना पानं वाढायची, आणि मग सारं घर एका ओळीत बसून जेवायचं. तोवर घरातल्यानं खायचा नाही आणि बाहेरच्याला द्यायचा तर नाहीच नाही. मी विचारलं, काऊन? तू म्हणालीस, “ज्यायनं ह्या बांध्या घातल्या ते उपाशी, अन् आपुन जेवाचं? असं रायते का कोठी?” आणि सासूबाई मागच्या दारातून आल्या तेव्हा तू त्यांना काहीच सांगितलं नाहीस. माझे दोन दाणे तू पोटात घातलेस. त्या दिवसापासून मी तुझी झाले बाई, सासरची नंतर झाले.

गट कसा सुरू झाला, ढेकी अडगळीतून कशी काढली, ते सगळं त्या लोकांकडे छापलेलं आहे, मी पुन्हा सांगत नाही. जे छापलेलं नाही ते दिल्लीचं. आणि खरं म्हणजे जे छापलं गेलं तेही दिल्लीचंच, तीच तर गंमत आहे.

गटाचं काम बघणाऱ्या तालुक्याच्या मॅडमनी आपलं नाव पाठवलं आणि बोलावणं आलं तेव्हा चिन्नोर नुकताच कापून घरी आला होता. पण भासऱ्यांचे चुलते वारले होते. तुझे मालक म्हणजे माझे भासरे, त्यांचं सख्खं चुलतं घर. सुतक आलं आणि आपलं नवं पुढे गेलं. तू म्हणालीस, मागच्या सालचा तांदूळ नेऊ. मी म्हटलं, बाई, त्याला आता वास राहिला नाही. तिथं देशोदेशीचे व्यापारी येणार, शंभर स्टॉल असणार, आपल्या टेबलापुढे कोणी थांबायला नको का? तू शांतपणे म्हणालीस, “नसन थांबत तं नसन. घरच्यायच्या आधी कोनी खात नाही.”

विषय तुझ्यापुरता संपला. माझ्यापुरता नाही. तू बाजाराच्या दिवशी तिरोड्याला गेलीस, तेवढ्यात मी नव्या पेंढ्यांतून थोडं धान झोडलं, वाळवलं, एकटीनं उखळात कुटलं. दोन किलो निघाला असेल. माझ्या हिरव्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला. गाडीत तू माझ्या बॅगेवर डोकं टेकून झोपलीस. मी बसून होते आणि मला सारखं वाटत होतं की तुला वास येईल. आला होता का गं? हेही आता कोणाला विचारू?

दिल्लीला आपल्याला गळ्यात घालायला नावाची कार्डं मिळाली. तुला त्याचं फार कौतुक. आंघोळीला जातानाही ते तू काढून उशीखाली ठेवायचीस. एवढाले मंडप, थंड हवा सोडणारी यंत्रं, पडद्यावर हलणारे आकडे, आणि जो तो दुसऱ्याला विचारतोय, तुम्ही वाढणार किती? दुसऱ्या दिवशी तुला मंचावर बसवलं. मी स्टॉलवर. मंडपात जागोजाग स्पीकर होते, तुझा आवाज माझ्यापर्यंत येत होता. त्या सुटाबुटातल्या माणसानं विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? दुभाषी ताईनं तुला हिंदीत सांगितलं. तू म्हणालीस, “ढेकीपाशीच. अन् कोठी जाऊ बाप्पा?” सगळा मंडप हसला, टाळ्या पडल्या. आणि तू तिकडे बोलत असताना मी इकडे हिरव्या लुगड्याची घडी सोडत होते.

विजेच्या कुकरमध्ये तो शिजला आणि झाकण काढलं. बाई, काय वास सुटला! समोरच्या लोणच्याच्या स्टॉलवरची माणसं उठून आली. कुठल्याशा थंड देशातली ती उंच, पांढऱ्या केसांची व्यापारीण आली, द्रोणातून घास घेतला आणि डोळे मिटून उभी राहिली. तेवढ्यात तू मंचावरून आलीस. गळ्यात कार्ड, हातात त्यांनी दिलेला फुलांचा गुच्छ. तू टेबलाशी थांबलीस. नाकपुड्या हलल्या तुझ्या, मी पाहिलं.

व्यापारिणीनं दुभाषी ताईकरवी मला विचारलं, हा नव्या पिकाचा का? तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, “नहीं मॅडम, पुराना है, पिछले साल का. हमारे यहाँ बाँस की ढोली में रखते हैं, गोबर से लीपकर. खुशबू जाती ही नहीं.” कुठून सुचलं देव जाणे. ढोलीत तांदळाचा वास टिकतो हे मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं, माझ्याच तोंडून. ताईनं ते इंग्रजीत सांगितलं, व्यापारिणीनं वहीत लिहून घेतलं, परिषदेच्या कोणीतरी फोटो काढला. तू एवढंच म्हणालीस, “बरं.”

मी तुझ्यापुढेही द्रोण केला. तू म्हणालीस, पोट भरलंय. सकाळपासून तू मूठभर मुरमुऱ्यांवर होतीस. मग तू कुकर खरवडून उरलेला भात कागदावर घेतलास आणि मंडपाबाहेर निघून गेलीस. तासभर झाला तरी परत नाही. माझा जीव टांगणीला. शेवटी चौकीदार तुला घेऊन आला, तू कुठल्या कुठल्या रस्त्यानं फिरत होतीस. मी चारचौघांत तुझ्यावर ओरडले, एवढुशा भातासाठी कुठं हिंडत होतीस? तू दमलेली, पाय धुळीनं भरलेले. म्हणालीस, “गाय पाहून राहिली होती. भेटलीच नाही.” लोणचंवाले हसले. मीही हसले. तुझ्या कंजूषपणाची ती गोष्ट मी गावात आल्यावर दहा जणींना रंगवून सांगितली.

परतीच्या गाडीत सकाळी तू खिडकीशी बसली होतीस. ओळखीची झाडी सुरू झाली, घर जवळ आलं, तेव्हा तू मला विचारलंस, “धाकटे, तुले मले काही सांगाचं हाये का?” मी म्हटलं, नाही, काय सांगायचं? तू म्हणालीस, “असंच इचारलं.” आणि बाहेर बघत राहिलीस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ती व्यापारीण आपली कायमची गिऱ्हाईक झाली. तिला माल जायचा तो दर साली नवं झाल्यावरचाच, ताजा, त्यात खोट नव्हती. पण पाकिटावर चिठ्ठी असायची ती माझ्या ढोलीच्या गोष्टीची. परिषदवाल्यांना गोष्टी फार आवडतात बाई. त्यांनी ती छापली, पडद्यावर दाखवली. नागपूरला बोलावलं, हैदराबादला बोलावलं. मी उभी राहून सांगायची, आमच्या पूर्वजांचं ज्ञान, बांबूची ढोली, शेणाचा लेप. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. तू शेजारी बसलेली असायचीस, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. शेवटी ते तुलाही विचारायचे, ताई, तुम्ही काही सांगाल का? तू माझ्याकडे एकदा बघायचीस आणि म्हणायचीस, “धाकटी सांगते तेच.” लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, बाईला माझा केवढा अभिमान!

आणि घरी तू रेशनचा तांदूळ खात होतीस.

ते माझ्या ध्यानात आलं वर्षाभरानं. तू सगळ्यांना वाढून, सगळ्यांच्या मागून, चुलीशी बसून जेवायचीस, तुझ्या ताटात कोण बघतंय? एकदा मी पाणी घ्यायला आत आले तर तुझ्यापुढे तो जाड, पिवळट भात. मी म्हटलं, हे काय? आपला चिन्नोर साता समुद्रापार जातो आणि तू हे खातेस? तू म्हणालीस, “माह्या पोटाले आता सुगंध झेपत नाही.” मी तुला चिडवायला लागले. सगळ्यांत जास्त जपणारी तू, ती बांधी तुझ्या माहेरच्यांनी दिलेली, निसवलेल्या चिन्नोरच्या कडेला उभी राहून तू नुसता वास घेत बसायचीस, आणि भात मात्र खायचा नाही! मला वाटलं, वाचवते. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मला काय काय वाटलं, पण खरं काय ते वाटू दिलं नाही मी स्वतःला.

आता ते भांडण. यंदाच्या माघातलं. परिषदेकडून कॅमेरा घेऊन तिघं आले. आपल्या अंगणात, ढोलीपुढे तुला बसवलं, पुढ्यात चिन्नोरचा भात. म्हणाले, आजी, फक्त एक घास घ्या आणि हसा. तू हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मी तुझ्या मागे जाऊन कुजबुजले, बाई, शोभा होतेय. तू मान हलवलीस. ते लोक आवरून जायला लागले आणि माझं डोकं फिरलं. मी रागावले की हिंदीत जाते, तुला माहीत आहे. सगळ्यांसमोर ओरडले, “एक कौर खा लेती तो मर जाती क्या?”

तू उठलीस. ते ताट उचललंस, गायीपुढे नेऊन ठेवलंस. परत येताना माझ्यापाशी थांबून हळूच म्हणालीस, “तुले काही सांगाचं हाये का वं धाकटे?” मी म्हटलं, “मेरे को क्या बोलना है? तू बोल!” तू ढेकीकडे निघून गेलीस. त्यानंतर कितीक दिवस आपण बोललो नाही. एका अंगणात, एका ढेकीवर, आणि मधल्या बाईकरवी निरोप.

रोवणीनं ते मोडलं. आषाढात तुझ्या बांधीत चिखलात ओळीनं उभ्या होतो. माझ्या हातातलं पऱ्हं, लावायची रोपं, संपलं आणि मागण्याची माझी सोय नव्हती, अबोला होता ना. तू न बघता तुझ्या हातातली पेंडी माझ्या बाजूला टाकलीस. मी घेतली. मग तू म्हणालीस, “दाट नको लावू, जरा मोकरं लाव.” बस. झालं. तेवढ्यानंच मला रडू आलं होतं, पण चिखलाचे हात, डोळे कशानं पुसणार? आयुष्यात मला जे जे धड करता येतं ना बाई, ते तू असंच शिकवलंस, न बघता, बाजूला टाकून.

आणि मग भाद्रपदात तुझा ताप. गोंदियाला दवाखान्यात नेलं. सहा दिवस. मी घरून पेज करून आणायची. पहिल्या दिवशी तू वाटी नाकाशी नेलीस आणि विचारलंस, “चिन्नोर?” मी म्हटलं, हो, तुझ्याच बांधीतला. तू तोंड फिरवलंस. मी चमचा घेऊन मागे लागले, विनवलं, रागावले. तू ओठ उघडले नाहीस. दुसऱ्या दिवसापासून मी रेशनच्या तांदळाची आणली, ती तू प्यायलीस. पाचव्या दिवशी दुपारी, भासरे औषधं आणायला खाली गेले होते, तू माझा हात धरलास. चेचलेल्या, निबर बोटांचा तुझा हात. “धाकटे,” म्हणालीस, “काही सांगाचं हाये का?”

बाई, खरं सांगते. मला कळलं होतं. गाडीत नव्हतं कळलं, माघात अर्धंमुर्धं कळलं होतं, पण त्या दुपारी पुरतं कळलं होतं तू काय विचारतेस ते. ओठांवर आलं होतं माझ्या. मग वाटलं, आजारी माणसापुढे काय हे काढायचं. खोटं. तसं वाटलं नाही, तसं मी स्वतःला सांगितलं. मला लाज वाटली. इतक्या मंचांवरून इतकं मोठं झालेलं ते खोटं, ते आता दवाखान्यातल्या एका खाटेपाशी बसून कसं खाली उतरवायचं? मी म्हटलं, “तू बरी हो, मग सांगते.”

तू डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी गेलीस.

तेरवीला गेलेल्या माणसाच्या पानावर त्याच्या आवडीचं वाढतात. मी पहाटे उठून चिन्नोर रांधला. वाढायला वाकले तर भासरे म्हणाले, “तिच्या पानावर तो नको वाढू. तिनं सोडला होता.” मी विचारलं, काऊन सोडला? त्यांनी पत्रावळ सरळ केली. मग म्हणाले, “दिल्लीवरून आली अन् मले म्हने, धाकटीनं नवं न करता रांधलं, परक्यायले खाऊ घातलं. तिच्यावर काही यावं नाही म्हनून मी सोडतो. तिनं एकडाव आपल्या तोंडानं सांगतलं का खाईन.”

मी ओरडले त्यांच्यावर. भासऱ्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता मी. तुम्ही मला काऊन नाही सांगितलं? तीन वर्षं! ते म्हणाले, “शपथ घातली होती. म्हने, तिले सांगू नका. तिचं तिनं सांगतलं तं खरं.”

आता सांग, भांडू का नको? एक शब्द बोलायचा होतास. माझ्या गालाला धरून म्हणायचं होतंस, थुक आधी! नव्या नवरीला म्हणालीस, मग तीन मंचांवर मिरवणाऱ्या बाईला काऊन नाही म्हणालीस? मी काय तुला सोडून गेले असते? दोन शिव्या दिल्या असत्या हिंदीत, चार दिवस फुगले असते, झालं असतं. तू माझ्यासाठी दिल्लीच्या रस्त्यांवर गाय शोधत फिरलीस आणि मी ते लोकांना हसायला म्हणून सांगितलं. तू तुझ्या बांधीचा भात सोडलास आणि मी तुला विचारलं, एक घास खाल्लास तर मरशील का. आणि तू काय केलंस? मलाच विचारत राहिलीस, काही सांगायचंय का. तीन वेळा विचारलंस बाई. मोजलंय मी. तीन वेळा तू दार उघडून उभी राहिलीस आणि मी उंबऱ्यावरून परत गेले.

भांडण संपलं माझं. तुझ्याशी करायचं होतं, ते माझ्याशीच निघालं.

दोनशे शब्दांचं ठरलंय. त्यात लिहिणार आहे की ढोलीची गोष्ट खोटी आहे, ती मी रचली, तू नाही. की त्या दिवशी शिजला तो नवा तांदूळ होता आणि तो कोणाला द्यायचा आपला हक्क नव्हता. भाषणातही हेच बोलणार. तालुक्याच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, ताई, गिऱ्हाईक जाईल, अकरा बायकांचं काम आहे. मला माहीत आहे. गटापुढे मी ते आधी ठेवलं, कारण काम त्यांचंही आहे. मग तुझ्या वयाची ती पलीकडच्या आळीतली म्हणाली, “बाईले मालूम होतं का?” मी म्हटलं, हो, पहिल्या दिवसापासून. ती म्हणाली, “मंग लिहून टाक.” सगळ्यांना पटलं असं नाही. दोघी अजून धुसफुसत आहेत. पाकिटांवरच्या चिठ्ठ्या मात्र आम्ही मिळून काढल्या.

आणि काल आपल्या घरी नवं झालं. यंदा चिन्नोर फार छान आला बाई, तू मोकळा लावायला सांगितलेला. आता थोरली मीच, म्हणून वाढायला मी. देवाला झालं, गायीला झालं. मग गेलेल्यांची पानं मांडली, पळसाची, आणि त्या ओळीत यंदा एक पान वाढलं. सारं घर ओळीनं बसलं होतं, गटातल्या बायकाही बोलावल्या होत्या. मी पातेलं घेऊन तुझ्या पानापुढे उभी राहिले आणि माझ्या तोंडून शाळेची भाषाही निघाली नाही, हिंदीही नाही. मी म्हटलं, “थांबा जरा. मले बाईले काही सांगाचं हाये.”

सांगितलं. हिरव्या लुगड्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं, तुझ्या पानाकडे तोंड करून. संपल्यावर भासरे म्हणाले, “वाढ आता.” मी वाढला. दोन पळ्या, गरम, वाफ निघत होती, तुझ्या अंगणात यायचा तोच वास.

सगळे जेवले, हात धुवून उठले. मी माझं पान घेऊन तुझ्या पानासमोर बसले होते. तू नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायचीस, त्यामुळे तुला एवढा वेळ लागतो का, सावकाश जेवतेस का भराभरा, मी कधी पाहिलंच नव्हतं. भासरे दारातून म्हणाले, “जेव वं आता, भात थंडा होऊन राहिला.”

मी म्हटलं, “बाईचं होऊ द्या आधी.”